माळ्याला वारा ठेवा



शिमगा झाला, ज्वारी-गहू घरात आले, हरभऱ्याची मळणीही बहुतेकांची उरकली. आता घराघरांत माळ्याला शिड्या लागतील आणि पोती वर चढतील. म्हणून आजचा विषय शिवारातला नाही, घरातला आहे; आणि घरातल्याही अशा जागेचा, की जिथे वर्षातून चार-सहा वेळांपलीकडे माणूस फिरकत नाही. तो म्हणजे आपला माळा.

तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकाऱ्याने पीक, खत, कीड यांविषयी बोलावे. माळ्याचे काय घेऊन बसलात? तर गोष्ट २०२२ सालची आहे, आणि तीत माझाही दोष आहे. आधी तीच सांगतो.

२०२० च्या खरिपात विकत घेतलेले सोयाबीनचे बियाणे उगवले नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर आम्ही सर्वांनीच घरच्या बियाण्याचा आग्रह धरला. गावोगाव सभा घेतल्या. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, त्याचे गुण दर वर्षी बदलत नाहीत, एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्यापासून दोन-तीन वर्षे घरचे बी धरता येते, हे मी स्वतः किती सभांतून सांगितले त्याची मोजदाद नाही. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवा, बी फुटू देऊ नका, ओल बारा टक्क्यांच्या खाली आणा, पोती जमिनीवर न टेकवता फळ्यांवर ठेवा, थप्पी उंच लावू नका, पोते आपटू नका, सगळे सांगितले. फक्त एक विचारायचे राहिले. ही पोती घरात नेमकी कुठे ठेवणार, हे मी एकालाही विचारले नाही.

आमच्या तालुक्यात कृष्णाकाठी एक गाव आहे. तिथे दोघे भाऊ. जेवणे वेगळी, शेत वाटून घेतलेले, पण खळे एकच. २०२१ च्या दिवाळीत दोघांनी एकाच ढिगातून बियाण्याचे सोयाबीन काढले, एकाच पटांगणात सुकवले आणि आपापल्या घरी नेले. धाकट्याचे घर जुने, मंगलोरी कौलांचे. थोरल्याने २०२० साली कौले उतरवून पत्रा घातला होता. त्यात त्याची काही चूक नव्हती. वानरांची टोळी गावात येऊ लागली की कौलांचा चुरा होतो, आणि दर वर्षी पावसाआधी घर शाकारायला आता माणूस मिळत नाही. ज्याला मिळतो त्याला मजुरी परवडत नाही.

एप्रिलमध्ये मी दोघांच्याही बियाण्याची उगवण पाहिली. शंभरात थोरल्याकडे एकोणऐंशी, धाकट्याकडे ब्याऐंशी. उत्तम. सत्तरच्या वर आहे, बिनघोर पेरा, असे सांगून मी मोकळा झालो. त्या वर्षी जून बराचसा कोरडा गेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चांगली ओल झाल्यावर दोघांनी एकाच पाभरीने, दोन दिवसांच्या अंतराने पेरणी केली. आठव्या दिवशी थोरला भाऊ पंचायत समितीत आला. खुर्चीवर बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, तुमचं बी उगवलं न्हाई."

बी त्याच्याच घरचे होते, पण 'तुमचं' हा शब्द त्याने चुकून वापरला नव्हता.

मी त्याच दिवशी शेतात गेलो. दोघांचे बांध लागून लागून. धाकट्याच्या ओळी भरलेल्या, थोरल्याच्या ओळीत दोन-दोन, तीन-तीन हातांची खिंडारे. खोली तपासली, दोन्हीकडे तीन ते चार सेंटिमीटर. जमीन एकच, पाऊस एकच, बीजप्रक्रियाही एकाच पुड्यातली. मग दोघांच्याही घरी पोत्यात उरलेले बी मागितले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सहाव्या दिवशी मोजले. धाकट्याचे चौऱ्याहत्तर, थोरल्याचे अडतीस.

थोरल्याला तीन एकरांवर दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याच्या पिशव्यांसाठी त्याच्या घरच्या बाईंनी बचत गटातून पैसे उचलले. ते पैसे मुलीच्या वसतिगृहासाठी धरलेले होते, हे मला पुढे कळले. मुलगी त्या वर्षी एसटीने रोज ये-जा करून शिकली.

एकच ढीग, एकच खळे. मग फरक पडला कुठे? ते पाहायला मी माळ्यावर चढलो.

जुलै महिना, आभाळ भरलेले, तरी वर डोके काढताच कोंदट वाफेचा भपकारा तोंडावर आला. पोती फळ्यांवर होती, थप्पी तीनचीच होती. माझ्या सांगण्याप्रमाणे सगळे जिथल्या तिथे होते. पण पोत्यांच्या तोंडापासून पत्रा जेमतेम दोन हात. आणि पत्रा व भिंत यांमधली जी फट असते ती सबंध घरभर सिमेंट आणि चिंध्यांनी लिंपून टाकलेली. उंदीर आणि चिमण्या येऊ नयेत म्हणून. चुलीच्या वर जुने धुराडे होते, त्यावरही पत्रा ठोकलेला. वर उजेडाचा एक कवडसा नव्हता.

मी खाली उतरलो तेव्हा त्यांच्या आई जात्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, कौलं हुती तवा माळ्यावर चिमणी पेटवून न्हेली की वाऱ्यानं इझायची. आता काडी वढली तर ज्योत हालत न्हाई." माझ्या बी.एस्सी.च्या चार वर्षांत ऐकलेल्या बऱ्याच व्याख्यानांपेक्षा आजींचे हे एक वाक्य कामाचे होते.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या मे महिन्यात, मी भिंतीवर टांगायचे साधे तापमापक विकत घेतले आणि दोन्ही माळ्यांवर चार-चार दिवस ठेवले. दुपारी अडीचच्या सुमारास अंगणातल्या सावलीत ३९ अंश सेल्सिअस होते. धाकट्याच्या कौलांखाली ४०-४१ भरायचे. थोरल्याच्या पत्र्याखाली ४९. रात्री पत्रा लवकर निवतो हे खरे, पण मार्च ते जून रोज दुपारी सहा-सात तास ते बी भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखे होते.

बी म्हणजे निर्जीव दाणा नव्हे. ते श्वास घेते, फार हळू, पण घेते. उष्णता वाढली की तो श्वास जलद होतो आणि अंकुराला पुरायची शिदोरी आधीच संपते. सोयाबीनचे तर आणखी अवघड. त्याची साल पातळ, अंकुर अगदी सालीलगत, आणि पोटात तेल. ज्वारीचे बी जे सोसते ते सोयाबीन सोसत नाही. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाने एक ढोबळ हिशेब घालून दिला आहे, तो आम्हाला महाविद्यालयात घोकायला लावत. बियाण्यातली ओल एक टक्का कमी केली की त्याचे आयुष्य दुप्पट होते. आणि साठवणीच्या जागेचे तापमान पाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. उलटही खरे. पाच अंश वाढले की आयुष्य निम्मे, दहा अंश वाढले की चौथाई. हा हिशेब ढोबळ आहे, पण दोन भावांच्या चौऱ्याहत्तर आणि अडतीसचा अर्थ लावायला पुरतो. एप्रिलमध्ये मी पाहिलेली उगवण खोटी नव्हती. ती एप्रिलची होती. पुढे अख्खा मे आणि जून जायचा होता, आणि मी ते ध्यानात घेतले नाही.

आता कौलांचे आणि पत्र्याचे गणित पाहू. कौल एकावर एक नुसते टेकलेले असते. दर दोन कौलांमध्ये बोटभर नाही तरी सुतळीभर फट राहतेच, आणि अशा शेकडो फटी छपरावर असतात. वळचणीखालून वारा शिरतो, माळ्यावरची तापलेली हवा हलकी होऊन आढ्याकडे चढते आणि कौलांतून निघून जाते. तिच्या जागी खालून थंड हवा येते. कोणी पंखा लावलेला नसतो, कोणी यंत्र बसवलेले नसते. चुलीचा धूरही याच वाटेने जायचा, आणि जाता जाता वाशांना आणि टांगलेल्या कणसांना काजळी धरायची, त्यामुळे कीडही कमी लागायची. आपल्या वाडवडिलांनी मक्याची बियाण्याची कणसे आणि लसणाच्या जुड्या चुलीच्या वरच का टांगल्या, याचे उत्तर त्यात आहे.

पत्रा मात्र सलग असतो. तो गळत नाही हा त्याचा गुण, आणि श्वास घेऊ देत नाही हा त्याचा दोष. कौले उतरवताना आपण गळती बंद केली, वानरांचा त्रास बंद केला, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना माळ्याचा वाराही बंद केला. जे काम कौले आपोआप करत होती ते आता आपल्याला मुद्दाम करून ठेवावे लागते, एवढाच या सगळ्याचा इत्यर्थ.

उष्णता झाली. ओलीचे प्रकरण त्याहून छुपे आहे.

पुष्कळ घरांत ऐकतो, "पत्रा गळतोय." डांबर आणतात, खिळ्यांच्या भोकांत भरतात, दुसऱ्या वर्षी पुन्हा भरतात. याच थोरल्या भावाने तीन वर्षे भरले. मी विचारले, गळतो तो कधी? तर मार्गशीर्ष-पौषात, पहाटे! आता पौषात पाऊस कुठला? तो पत्र्याचा घाम असतो. रात्री मोकळ्या आभाळाखाली पत्रा गार पडतो. घरातली वाफ वर चढते आणि गार पत्र्याला खालून टेकली की तिचे पाणी होते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात तसे. मग ते थेंब ठिबकतात, नेमके पोत्यांवर. खरिपाचे बी तर त्या वेळी नुकतेच चढवलेले असते. वरच्या पोत्याचे तोंड भिजते, बुरशी धरते, आणि आपण मात्र बाहेरून डांबर फासत बसतो.

ही वाफ येते कुठून? स्वयंपाकातून, आंघोळीच्या पाण्यातून, माणसांच्या श्वासातून, आणि गोठा घराला लागून असेल तर जनावरांच्या श्वासातून. गॅस आल्यावर धूर गेला हे फार चांगले झाले. आपल्या आयाबहिणींचे डोळे आणि छाती वाचली. पण गॅस जळतानाही वाफ होते, ती दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही. १४.२ किलोची एक टाकी जळून संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात सोडते. म्हणजे भरलेली मोठी कळशी आणि वर थोडे. ती वाफ जायची वाट ठेवली नाही तर ती छपराखालीच मुक्काम करणार. भुईमुगाच्या शेंगा अशा माळ्यावर असतील तर जास्तच जपा. दमट शेंगेवर जी हिरवट-पिवळी बुरशी येते ती अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते भाजून किंवा शिजवून पुरते जात नाही. तशा शेंगा माणसाने खाऊ नयेत आणि जनावरालाही घालू नयेत. "गुरांना चालतं" म्हणून टाकू नका. तेच विष दुधात उतरते.

मग करायचे काय?

कांद्याची चाळ ज्यांनी बांधली आहे त्यांना मी काय सांगणार ते आधीच कळले असेल. चाळीचा तळ आपण जमिनीपासून दीड-दोन फूट उचलतो, खालून हवा घेतो, वरून जाऊ देतो. माळ्याचा न्याय तोच. हवा शिरायला वाट खाली, निघायला वाट वर. दोन्ही हव्यात. एकच ठेवून भागत नाही. गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत, डचमळत पडते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले की धार लागते. माळ्याला एक खिडकी ठेवून "आमच्याकडे हवा आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते एका भोकाचे डबे आहेत.

वाट केवढी असावी? अमेरिकेत घरांच्या माळ्यांविषयी जुने ठोकताळे आहेत: माळ्याच्या दर दीडशे चौरस फुटांना एक चौरस फूट मोकळी वाट, आणि वर-खाली नीट वाटून दिली असेल तर तीनशेला एक. पण तिकडे तो नियम मुख्यतः थंडीतल्या ओलीसाठी निघाला. आपल्याकडे ओलीबरोबर चैत्र-वैशाखाचे ऊन आहे, शिवाय जाळी लावली की निव्वळ वाट कमी होते. म्हणून मी दीडशेला एक हे किमान धरतो आणि जमेल तिथे दुप्पट-तिप्पट करायला सांगतो. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद माळा म्हणजे साडेचारशे चौरस फूट. त्याला किमान तीन चौरस फूट. ऐकायला कमी वाटते, पण शंभरातल्या नव्वद पत्र्याच्या घरांत हाताचा पंजा जाईल एवढीही वाट सापडत नाही, हे मी फिरून पाहिले आहे.

थोरल्या भावाच्या घरी आम्ही असे केले. वळचणीला भिंत आणि पत्रा यांमधले लिंपण काढले. दोन्ही लांब बाजूंना तीस-तीस फूट, दोन-दोन इंचांची फट मोकळी झाली. ही झाली खालची वाट. वरची वाट म्हणून दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, आढ्याच्या अगदी खाली, दीड फूट बाय दीड फुटाची खिडकी पाडली. गवंड्याचे एका दिवसाचे काम. पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून पत्र्याच्या तिरप्या पट्ट्या, खाली उतरत्या, आणि आतून जाळी. धुराड्यावर ठोकलेला पत्रा काढून त्याला हातभर उंच टोपी बसवली.

जाळीबद्दल दोन शब्द, कारण बहुतेक घरांत सगळे इथेच फसते. उंदराच्या भीतीनेच तर फटी बुजवल्या जातात. लोखंडी पाव इंची जाळी लावा. अर्धा इंची जाळीतून मोठा उंदीर येत नाही पण चिचुंद्री आणि लहान पिल्ले येतात. उलट डासांची बारीक जाळीही लावू नका; एका उन्हाळ्यात धूळ आणि जळमटे बसून ती भिंतीसारखी होते. आणि दिवाळीच्या साफसफाईत शिडी लागेल तेव्हा केरसुणीने ती जाळी झाडा. एवढे विसरले की मग "केले पण उपयोग झाला नाही" अशी तक्रार येते.

वाऱ्याचेही भान ठेवा. वळवाच्या वादळात पत्रे उडतात. नुसत्या वाऱ्याच्या बाजूला मोठे भोक ठेवले आणि पलीकडे वाट नसली, तर आत शिरलेला वारा पत्र्याला खालून ढकलतो. वाट दोन्ही बाजूंना असली म्हणजे हा जोर कमी पडतो. तरी भोके पाडण्याआधी पत्र्याचे हूक आणि स्क्रू कसून घ्या, गंजलेले बदला. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मंडळींनी पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढल्याशिवाय ती उघडूच नये. तिथला पाऊस आडवा येतो, हे त्यांना मी सांगायला नको.

नवीन पत्रा घालणार असाल तर काम सोपे आहे. आढ्यावर जी पत्र्याची टोपी बसते ती दोन-तीन इंच उचलून, दोन्ही बाजूंना पुरेशी खाली उतरती बसवायला सांगा आणि तिच्याखाली जाळी मारून घ्या. सबंध आढेभर वाट मिळते. वाऱ्यावर फिरणारे ते पत्र्याचे भोपळे कारखान्यांच्या छपरावर तुम्ही पाहिले असतील. ते चांगले आहेत, पण खालची वाट नसेल तर नुसते शोभेचे. वीस माणसांचे गोडाऊन असेल तर बसवा. घरच्या माळ्याला आढ्याची फट पुरते.

वारा ठेवला म्हणजे सगळे झाले असे मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तापलेला पत्रा हवेला तापवतो तसा खाली थेट धगही फेकतो, शेकोटीसमोर बसल्यावर पाठीला वारा लागतो आणि तोंड भाजते तशी. त्या धगेला वारा पुरा पडत नाही. म्हणून फाल्गुनात पत्र्याला वरून चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्या. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो. आतून बांबूच्या तट्ट्या बांधल्या, पत्रा आणि तट्टी यांत चार बोटे जागा ठेवून, तर आणखी फरक पडतो. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरण्याची पद्धत काही गावांत आहे. गारवा मिळतो हे खरे, पण एक ठिणगी पडली तर सगळी आळी जाते. ते करू नका.

पावसाळ्याचे वेगळे. आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच ओली, तेव्हा वारा खेळवून धान्य सुकत नाही, उलट ओल धरते. खाण्याचे धान्य पावसापूर्वी कडक वाळवून, पूर्ण निवल्यावर, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. गरम धान्य भरून झाकण लावले तर आतल्या आत घाम सुटतो. माळ्याची वाट मात्र पावसाळ्यातही उघडी राहू द्या. ती छपरासाठी आणि वाशांसाठी आहे, धान्याला कोठी आहे.

एक ताकीद, आणि ही कडक आहे. माळ्यावर किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकू नका. काही दुकानांत त्या मागेल त्याला मिळतात. प्रत्यक्षात त्या प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच वापरायच्या आहेत. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो हवेपेक्षा किंचित जड आहे, फळ्यांच्या फटींतून खाली उतरतो, आणि खाली आपली लेकरे झोपलेली असतात. माळ्याला खिडकी आहे म्हणून चालेल, असे तर मुळीच समजू नका. बियाण्याला कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि स्वच्छ बारदान पुष्कळ झाले. कीड फारच असेल तर मला किंवा तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवा.

दुरुस्तीनंतर २०२४ च्या मे महिन्यात मी तेच तापमापक त्याच खिळ्याला टांगले. अंगणात ४०, माळ्यावर ४३. पांढरा रंग त्यांनी फक्त दक्षिणेच्या पाख्याला दिला होता, पैसे तेवढेच होते. पौषातला घाम बंद झाला, असे त्या घरच्या बाई म्हणाल्या. डांबराचा अर्धा डबा अजून पडवीत पडून आहे.

तरीही बियाण्याचे सोयाबीन आता ते माळ्यावर ठेवत नाहीत, आणि तुम्हीही ठेवू नका. घरातली सर्वांत गार, कोरडी जागा बियाण्याची; बहुतेक घरांत ती माजघरात उत्तरेच्या भिंतीकडे असते. भिंतीपासून वीतभर लांब, फळ्यांवर. देव्हाऱ्याखाली ठेवले तरी देव रागावत नाही. माळ्यावर कडबा, रिकामी बारदाने, अवजारे जाऊ द्यात. ज्यांना जागाच नाही, एक खोली आणि वर माळा एवढेच घर आहे, त्यांनी आधी माळ्याला वारा करावा, मग वळचणीपेक्षा आढ्याखाली, जिथे पत्रा जास्तीत जास्त लांब असतो तिथे, मधोमध पोती ठेवावीत आणि वर तरटाचा आडोसा करावा. पाच-दहा किलो बी असेल तर मडक्यात घालून मडके खालीच ठेवा.

आणि उगवण दोनदा पाहा. एकदा एप्रिलमध्ये, म्हणजे बी चांगले नसेल तर दुसरे शोधायला वेळ राहतो. आणि दुसऱ्यांदा पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी. वेगवेगळ्या पोत्यांतून मूठ मूठ काढून एकत्र करा, निवडू नका. आपला हात नेहमी टपोऱ्या दाण्याकडे जातो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम द्या. ती चोख मोजतात, मोठ्यांसारखी "धरा ऐंशी" म्हणत नाहीत. सत्तर किंवा वर आली तर एकरी ३० किलो बी पुरे. साठ आली तर ३५ किलो लागेल. साठच्या खाली गेली तर ते बी तेलाला किंवा बाजाराला जाऊ द्या, जमिनीत घालू नका.

त्या घरची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना गेल्या जूनमध्ये सुटीला घरी आली होती. तिनेच गोणपाट उलगडून कोंब मोजले आणि मला फोन केला. एक्क्याऐंशी. मी विचारले, पुन्हा मोजलेस का? म्हणाली, "काका, आजीनं पण मोजले. तिचे ब्याऐंशी आले."

पुढच्या वेळी गोठ्याच्या छपराविषयी लिहीन. तोवर एकदा शिडी लावून वर जाऊन या, आणि काडी ओढून ज्योत हलते का ते पाहा. पण कडब्यापासून लांब उभे राहून.